शोरूमबाहेर पडलेले इंजिन : परिवहनमंत्र्यांना खुले पत्र

मा. परिवहनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई



पीयूसी (प्रदूषण नियंत्रणाचे प्रमाणपत्र) नसलेल्या गाडीला पंपावर इंधन देऊ नये, ही भूमिका 2025 मध्ये आपल्या खात्याने जाहीरपणे मांडली. त्याच वर्षी जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईच्या हवेचा प्रश्न ऐरणीवर घेतला आणि शहरातून पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने हटवता येतील का, हे तपासायला राज्य सरकारला सांगितले. दोन्हींमागचा हेतू योग्य आहे. पण कागद सक्तीचा करणे आणि गाडीच हटवणे या दोन टोकांच्या मध्ये एक मोठे काम पडून आहे. आज रस्त्यावर धावणारे इंजिन नीट चालते आहे का हे पाहायचे, आणि चालत नसेल तर ते नीट करून घ्यायचे. हे काम आपल्याच खात्याचे आहे, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे. इंजिने शिकवण्यात आणि त्यांच्या चाचण्या घेण्यात माझे आयुष्य गेले. त्या अनुभवाच्या आधारावर जे सांगावेसे वाटते ते सांगतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे. इंजिन बनवणाऱ्याला आपण कायद्याने शिस्त लावली आणि त्याचे फळही मिळाले. पण ते इंजिन चालवणारा, दुरुस्त करणारा आणि तपासणारा यांना आपण त्या इंजिनाबरोबर पुढे आणले नाही. त्यामुळे शोरूममधून स्वच्छ निघालेली गाडी पाच-सात वर्षांनी कशी आहे, हे आज महाराष्ट्रात कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. आपली तपासणी ते पकडू शकत नाही आणि आपले गॅरेज ते दुरुस्त करू शकत नाही.

आधी काय मिळवले ते पाहू. 1 एप्रिल 2020 रोजी देशभर बीएस-6 (भारत स्टेज-6) ही प्रदूषणाची मानके लागू झाली. बीएस-4 नंतरची एक पायरी गाळून आपण थेट तिथे पोहोचलो. डिझेलमधले गंधक दहा लाख भागांत 50 भाग असे, ते 10 भागांवर आले. डिझेल मोटारीला किलोमीटरमागे 0.25 ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड सोडायची मुभा होती, ती 0.08 ग्रॅम झाली. कणांची मर्यादा 0.025 ग्रॅमवरून 0.0045 ग्रॅमवर आली. ट्रक आणि बसच्या इंजिनांना किलोवॅट-तासामागे 3.5 ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड चालत असे, तिथे आता 0.4 ग्रॅमच्या आसपास चालते. एप्रिल 2023 पासून नव्या मोटारींची चाचणी प्रयोगशाळेबरोबर प्रत्यक्ष रस्त्यावरही होते. या सगळ्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. 1946 पासून खडकीत डिझेल इंजिने बनत आली, 1966 पासून पुण्यात गाड्यांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था उभी आहे, आणि पिंपरी-चिंचवड, चाकण, नाशिक या पट्ट्यात देशातल्या गाड्यांचा मोठा हिस्सा तयार होतो. इंजिन जाणणारी माणसे या राज्यात कमी नाहीत.

आता या इंजिनाच्या आत काय चालते ते थोडे सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा सोळा-सतरा पटीने दाबली की ती इतकी तापते की फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. दोन हजार आरपीएमवर या जळण्याला जेमतेम तीन-चार मिलिसेकंद मिळतात. एवढ्या वेळात डिझेलचा कण न् कण हवेत मिसळायला हवा. म्हणून कॉमन रेल पंप डिझेलला दोन हजार बारच्या आसपास दाब देतो आणि नोझल ते मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढ्या भोकांतून धुक्यासारखे सोडते. नोझल झिजले, त्यात घाण बसली किंवा ते गळू लागले की थेंब मोठे होतात, अर्धवट जळतात आणि काजळी तयार होते. एअर फिल्टर तुंबला किंवा टर्बोचा होज फाटला की हवा कमी पडते आणि काळा धूर सुरू होतो. रिंगा झिजल्या की ऑइल वर येऊन जळते आणि धूर निळसर दिसतो. धुराच्या रंगावरून जुना मेकॅनिक जे निदान करतो, त्यामागे हे शास्त्र आहे. काळा धूर म्हणजे मालकाने पैसे मोजून घेतलेले, पण चाकापर्यंत न पोहोचलेले डिझेल. गाडी धूर मारते आणि ॲव्हरेज देत नाही, या दोन तक्रारी बहुतेक वेळा एकच असतात. इथवर मालकाचे हित आणि हवेचे हित एका दिशेने जाते.

नायट्रोजन ऑक्साइडच्या बाबतीत मात्र तसे नाही. ज्योत फार तापली की हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी जोडला जातो. डिझेल जितके चांगले आणि जितके गरम जळेल, तितका हा वायू जास्त. फवारा थोडा उशिरा सोडला तर तो कमी होतो, पण मग काजळी वाढते आणि डिझेल जास्त लागते. कार्यक्षमता, काजळी आणि नायट्रोजन ऑक्साइड यांची ही ओढाताण इंजिनाच्या अभियंत्यांना अनेक दशके छळत आली आहे. सिलिंडरच्या आत तिच्यातून पूर्ण सुटका होत नाही, म्हणून सुटकेचा उरलेला भाग सायलेन्सरच्या वाटेवर बसवला गेला. डीपीएफ नावाचा सच्छिद्र सिरॅमिकचा फिल्टर काजळी अडवतो आणि साठलेली काजळी वेळोवेळी साधारण सहाशे अंशांवर जाळून टाकतो. त्याच्या पुढे एससीआर. तिथे धुरात युरियाचे 32.5 टक्क्यांचे द्रावण फवारले जाते, त्यातून अमोनिया सुटतो आणि नायट्रोजन ऑक्साइडचे रूपांतर निरुपद्रवी नायट्रोजन आणि पाण्यात होते. या यंत्रणेच्या भरवशावर अभियंता सिलिंडरमध्ये डिझेल पूर्ण जोमाने जाळू शकतो. बीएस-6 ट्रक ताकदवानही आहे आणि स्वच्छही, तो या जोडीमुळे.

महोदय, आता खरी अडचण. ही यंत्रणा बिघडली किंवा कोणी मुद्दाम बंद केली, तरी ट्रक चालतो. उलट काही दिवस मालकाला तो आधीपेक्षा बरा चालतो असे वाटते. डीपीएफ काढला की सायलेन्सरमधला अडथळा जातो आणि पिकअप सुधारल्यासारखा भासतो. युरिया बंद केला की त्याचा खर्च वाचतो. शंभर लिटर डिझेलमागे साधारण पाच लिटर युरिया लागतो, म्हणजे लांब पल्ल्याच्या गाडीला ती रक्कम महिन्याकाठी जाणवते. म्हणून बाजारात एक छोटी पेटी मिळते. ती ट्रकच्या कॉम्प्युटरला सांगत राहते की युरिया भरपूर आहे आणि सेन्सर उत्तम आहेत. शिवाय सॉफ्टवेअर बदलून डीपीएफ गाडीच्या स्मृतीतूनच पुसून टाकणारे रिमॅपवाले आहेत, आणि त्यांच्या जाहिराती उघडपणे चालतात.

हे फक्त आपल्याकडे घडते असे नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 2020 मध्ये अंदाज मांडला की त्या देशात दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअप ट्रकांची प्रदूषण नियंत्रण यंत्रणा काढून टाकली गेली. कडक कायदे आणि जबर दंड असलेल्या देशातले हे चित्र आहे.

पण जो मालक हे करतो त्याला केवळ गुन्हेगार म्हणून सोडून देऊ नये, अशी माझी विनंती आहे. त्याच्या अडचणी खऱ्या आहेत. मुंबई-पुण्यात फिरणारा कचऱ्याचा ट्रक, शाळेची बस किंवा भाजीचा टेम्पो दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडतो. त्याचा सायलेन्सर डीपीएफमधली काजळी जळण्याइतका तापतच नाही. फिल्टर तुंबत जातो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. त्या वेळी वीसेक मिनिटे मोकळ्या रस्त्यावर सलग गाडी चालवावी किंवा उभ्या गाडीत रिजनरेशन करावे, म्हणजे साठलेली काजळी जाळून टाकावी, एवढे केले तर बहुतेक वेळा काम भागते. पण ड्रायव्हरला हे कोणी शिकवलेले नसते. तो दिव्याकडे दुर्लक्ष करतो किंवा काजळी जळण्याची क्रिया चालू असतानाच चावी काढतो. मग इंजिन आपली ताकद स्वतःहून उतरवते आणि भरल्या मालानिशी गाडी कसारा घाटात रांगू लागते. मालक गाडी कंपनीच्या वर्कशॉपला नेतो तेव्हा नव्या फिल्टरची किंमत ऐकून हबकतो. गल्लीतला मेकॅनिक म्हणतो, काढून टाकू, पुन्हा त्रास नको. मालकापुढे तिसरा पर्याय कोणी ठेवलेला नसतो.

तिसरा पर्याय मात्र आहे. तुंबलेला डीपीएफ बहुतेक वेळा मेलेला नसतो. काजळी जळून जाते. उरते ती इंजिन ऑइलमधल्या रसायनांची राख, आणि ती फिल्टर उतरवून योग्य यंत्रावर साफ करता येते. ती लवकर साठू नये म्हणून बीएस-6 इंजिनाला कमी राखेचे ऑइल लागते. जुन्या ट्रकचे स्वस्त ऑइल घातले की फिल्टर वेळेआधी भरतो. शेतीचा निमकोटेड युरिया पाण्यात विरघळवून टाकीत ओतला की नोझलमध्ये खडे बसतात आणि एससीआरचा नाश होतो. बायोडिझेल म्हणून विकले जाणारे भलतेच तेल इंजेक्टर खाते. यांतली प्रत्येक गोष्ट टाळता येण्यासारखी आहे. ती टाळायला लागते ते ज्ञान, आणि ते आपण गॅरेजपर्यंत पोहोचवलेले नाही.

पेट्रोलच्या गाड्यांचे दुखणे याहून साधे आहे, पण त्यांची संख्या फार मोठी आहे. तिथे सगळा भार थ्री-वे कॅटॅलिस्टवर असतो, आणि हवा-पेट्रोलचे प्रमाण 14.7 ला 1 च्या अगदी जवळ राहिले तरच तो तिन्ही विषारी वायू (कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड) एकदम आटोक्यात ठेवतो. ते प्रमाण सांभाळणारा ऑक्सिजन सेन्सर थकला, स्पार्क प्लगची ठिणगी चुकू लागली किंवा कॅटॅलिस्टच नाहीसा झाला, तर गाडी चालत राहते आणि धूरही दिसत नाही. आतल्या मौल्यवान धातूंसाठी व्हॅनचे सायलेन्सर चोरीला जाण्याच्या घटना राज्यात घडल्या आहेत. त्या जागी साधा पाइप बसवला तर त्या गाडीने बीएस-6 चा सगळा लाभ गमावला.

आता तपासणीकडे येतो. पीयूसी केंद्रावर डिझेल गाडी न्यूट्रलमध्ये उभी करून ॲक्सिलरेटर झपकन दाबतात आणि धुरातून किती प्रकाश आरपार जातो ते मोजतात. बीएस-4 साठी धुराच्या दाटपणाची (प्रकाश शोषणाची) मर्यादा दर मीटरला 1.62 आहे, बीएस-6 साठी 0.7. काळा धूर पकडण्यासाठी बनवलेली ही चाचणी. ज्या काळात इंजिने काळा धूर ओकत होती, त्या काळात ती उपयोगी होती. आजच्या इंजिनाचा फवारा इतका बारीक असतो की डीपीएफ काढून टाकला तरी डोळ्याला आणि त्या मीटरला फारसे काही दिसत नाही. गाडी पास होते. बाहेर पडणारे कण तेव्हा कितीतरी पटींनी वाढलेले असतात, फक्त ते या मीटरला दिसणार नाहीत इतके सूक्ष्म असतात. आणि नायट्रोजन ऑक्साइड तर पीयूसीत मोजलाच जात नाही. ज्या दोन गोष्टींसाठी देशाने बीएस-6 वर एवढा खर्च केला, त्या दोन्ही पीयूसीच्या नजरेबाहेर आहेत. केंद्र प्रामाणिक असले, मशीन अचूक असले, गाडी खरोखर तिथे आणलेली असली, तरीही.

याच कारणासाठी युरोपातल्या काही देशांनी धुराचा मीटर बाजूला ठेवला. बेल्जियमने 2022 मध्ये, नेदरलँड्सने जानेवारी 2023 मध्ये आणि जर्मनीने जुलै 2023 मध्ये वार्षिक तपासणीत डीपीएफ असलेल्या डिझेल गाड्यांचे कण मोजायला सुरुवात केली. नेदरलँड्समध्ये एका घन सेंटिमीटर धुरात दहा लाख कणांपर्यंत मर्यादा ठेवली, जर्मनीत अडीच लाख. डीपीएफ शाबूत असलेली गाडी या मर्यादेच्या कितीतरी खाली राहते आणि फिल्टर फुटलेली किंवा काढलेली गाडी ती सहज ओलांडते, त्यामुळे वादाला जागा उरत नाही. ही चाचणी उभ्या गाडीवर, इंजिन नुसते आयडलवर ठेवून, काही मिनिटांत होते. ॲक्सिलरेटर दाबायचीही गरज नसते.

थोड्या गाड्या बिघडल्या तर काय मोठेसे होते, असे कोणी म्हणेल. एक साधा हिशोब मांडून पाहा. समजा शंभर बीएस-6 ट्रक आहेत आणि प्रत्येक जण किलोवॅट-तासामागे 0.4 ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड सोडतो. एकूण 40. आता त्यांतल्या फक्त दहांनी एससीआर बंद केले आणि ते 4 ग्रॅम सोडू लागले. उरलेल्या नव्वदांचे 36 आणि या दहांचे 40, मिळून 76. दहा टक्के मालकांनी पेटी बसवली की शंभर ट्रकांचे प्रदूषण जवळजवळ दुप्पट होते. आणि 4 ग्रॅम हा आकडा मी वाढवून धरलेला नाही. एससीआरच्या भरवशावर गरम जाळायला बसवलेल्या इंजिनाचे एससीआर काढले, तर ते बीएस-4 च्या मर्यादेपेक्षाही वाईट ठरू शकते. इंजिन जितके स्वच्छ, तितका एकेका बिघाडाचा भार मोठा.

हा भार कोण वाहते, हे आपल्याला सांगायला नको. वाशीच्या मार्केटमधला हमाल, भिवंडीच्या गोदामाबाहेर ट्रकच्या रांगेशेजारी राहणारे कुटुंब, चौकात आठ-आठ तास उभा असलेला वाहतूक पोलीस. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून 2012 मध्ये डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकला. नायट्रोजन ऑक्साइड हवेत गेल्यावर उन्हात ओझोन घडवतो आणि त्यातूनच पुढे नायट्रेटचे सूक्ष्म कण बनतात. हिवाळ्यात मुंबई-पुण्यावर जी करडी चादर दिसते, तिच्यात या कणांचाही भाग आहे.

वेळ फार महत्त्वाची आहे. 2020 मध्ये रस्त्यावर आलेले पहिले बीएस-6 ट्रक आता वॉरंटीतून बाहेर पडत आहेत, दुसऱ्या मालकाकडे जात आहेत आणि कंपनीच्या वर्कशॉपऐवजी हायवेवरच्या गॅरेजमध्ये उभे राहत आहेत. यंत्रणा काढायची की सांभाळायची, हा निर्णय येत्या दोन-तीन वर्षांत हजारो मालक घेणार आहेत. एकदा काढलेला फिल्टर परत बसवून घेणे फार कठीण असते.

म्हणून आपल्याकडे पुढील मागण्या करतो.

पहिली, मोजमाप बदला. पीयूसीचे निकष केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहेत, ते राज्याला एकट्याने बदलता येणार नाहीत. पण एआरएआय पुण्यात आहे. तिच्या मदतीने मुंबई, पुणे, नाशिक आणि नागपूर येथील पासिंगच्या (फिटनेस तपासणीच्या) ठिकाणी बीएस-6 डिझेल गाड्यांची कण-मोजणी प्रायोगिक तत्त्वावर सुरू करता येईल. सुरुवातीला कोणालाही दंड करू नका. आधी काय आढळते ते नोंदवा आणि ते आकडे हाती घेऊन केंद्राकडे नियमबदलाचा प्रस्ताव पाठवा. आठ वर्षांपर्यंतच्या व्यावसायिक गाडीचे पासिंग दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी होते. म्हणजे प्रत्येक ट्रक आपल्या खात्यासमोर कधी ना कधी येतोच.

दुसरी, पासिंगच्या वेळी गाडीच्या ओबीडी (स्वनिदान) सॉकेटला स्कॅनर जोडा. बीएस-6 गाडी आपल्या बिघाडाची नोंद स्वतःच ठेवते. कोणते दोष नोंदले गेले, कोणती स्वयंतपासणी पूर्णच झालेली नाही, सॉफ्टवेअर मूळचे आहे का, हे तिथे वाचता येते. बनावट पेटी बसवलेली गाडी अनेकदा याच नोंदींतल्या विसंगतीने उघडी पडते. कॅलिफोर्नियाने जड गाड्यांसाठी हीच वाट धरली आहे.

तिसरी, रस्त्यावर मोजा. प्रयोगशाळेत नियमात बसणारी गाडी रस्त्यावर वेगळी वागू शकते, हे सप्टेंबर 2015 मध्ये फोक्सवॅगनच्या प्रकरणाने साऱ्या जगाला दाखवले. तो प्रकार उघडकीला यायची सुरुवात धावत्या गाडीवर बसवलेल्या मोजणी यंत्रानेच झाली होती. रस्त्याच्या कडेने प्रकाशकिरण टाकून जाणाऱ्या गाडीचा धूर मोजणारे रिमोट सेन्सिंग आता उपलब्ध आहे. दिल्ली आणि गुरुग्राममध्ये त्याचा वापर करून केलेला अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. बीएस-6 गाड्या आधीच्या गाड्यांपेक्षा खूपच स्वच्छ आढळल्या, पण टॅक्सी आणि हलकी मालवाहू वाहने खासगी गाड्यांपेक्षा बरेच जास्त नायट्रोजन ऑक्साइड सोडताना दिसली, आणि त्यांत सीएनजीवरच्या गाड्याही होत्या. सीएनजी म्हणजे आपोआप स्वच्छ, हा समज तपासून पाहावा लागेल. मुंबईच्या टोल नाक्यांवर, खालापूरला आणि जेएनपीटीच्या रस्त्यावर अशी यंत्रे लावा. त्यातून ज्या गाड्या वाईट दिसतील त्यांनाच तपासणीला बोलवा. सगळ्यांना रांगेत उभे करण्याची गरज पडणार नाही.

चौथी, कारवाई विकणाऱ्यापासून सुरू करा. गाडीत बेकायदा बदल केल्यास मालकाला दंड आणि कैदेची तरतूद 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आली आहे. पण पेटी विकणारा आणि सॉफ्टवेअर पुसणारा मोकळा राहिला, तर ड्रायव्हरला पकडून काही साधणार नाही. त्यांच्यावर धाडी घाला. आणि ज्या मालकांनी आधीच यंत्रणा काढली आहे त्यांना ती पूर्ववत करण्यासाठी सहा महिन्यांची मुदत द्या, त्या काळात दंड नको. मुदत आधी आणि धडक नंतर, हा क्रम पाळला तर ट्रक वाहतूकदारांच्या संघटनाही सोबत येतील.

पाचवी मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिच्याशिवाय आधीच्या चारही निष्फळ ठरतील. मेकॅनिकला तयार करा. आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेल आणि मेकॅनिक मोटर व्हेईकल हे अभ्यासक्रम आहेत, त्यांतून दरवर्षी मुले बाहेर पडतात. त्यांच्या हाताखाली बीएस-6 चे चालते इंजिन, स्कॅनर, डीपीएफ आणि युरियाची यंत्रणा असेल असे पाहा. जे मेकॅनिक वीस वर्षे गॅरेज चालवत आहेत, त्यांच्यासाठी संध्याकाळचे आणि रविवारचे छोटे प्रमाणपत्र वर्ग काढा, मराठीत आणि हिंदीत. त्यांच्या कानाला इंजिनाचा आवाज कळतो. कमी आहे ती कॉम्प्युटरशी बोलण्याची सोय. गाड्यांचे सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळाली पाहिजे, हे तत्त्व भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये चौदा मोटार कंपन्यांविरुद्धच्या निकालात मांडले होते. प्रदूषणाच्या यंत्रणेबाबत तरी ते प्रत्यक्षात यावे म्हणून राज्याने कंपन्यांशी बोलणी करावी. आणि प्रत्येक जिल्ह्यात एखाद्या एमआयडीसीत डीपीएफ साफ करणारे आणि इंजेक्टर तपासणारे सामाईक केंद्र उभे राहील, अशी सवलत द्यावी. फिल्टर साफ करायला शंभर किलोमीटर जावे लागले तर कोणी जाणार नाही. तो काढून फेकला जाईल.

या कामाची सुरुवात आपण आपल्या घरातून, एसटीपासून करू शकता. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सोडणाऱ्या या संस्थेकडे दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथे मध्यवर्ती कार्यशाळा आहेत आणि डिझेलचा बारीक हिशोब ठेवण्याची जुनी शिस्त आहे. दहा लिटरमागे किती किलोमीटर, हा आकडा आगारात प्रत्येकाला ठाऊक असतो. त्या आकड्याशेजारी आणखी एक लिहा : या आगारातल्या गाड्यांच्या धुरात किती कण आढळले. दोन्ही आकडे आगाराच्या फलकावर आणि संकेतस्थळावर लावा. एसटीच्या मेकॅनिकला डीपीएफ आणि युरियाची यंत्रणा सांभाळायला शिकवले, तर राज्यभर पसरलेले प्रशिक्षक तिथेच तयार होतील. सरकारी गाड्या स्वच्छ आहेत हे दाखवता आले, की खासगी गाड्यांच्या मालकांशी आपण अधिकाराने बोलू शकाल.

शेवटी एका आक्षेपाला उत्तर देतो. आता विजेच्या गाड्या येत आहेत, मग मरणाऱ्या तंत्रज्ञानावर खर्च कशाला, असे बरेच जण विचारतात. विजेच्या बसगाड्या जितक्या लवकर येतील तितके चांगले. त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण गेल्या वर्षी विकला गेलेला डिझेल ट्रक पंधरा वर्षे चालेल. पहिली काही वर्षे मोठ्या वाहतूकदाराकडे, मग छोट्या मालकाकडे, शेवटी एखाद्या खाणीच्या किंवा साखर कारखान्याच्या रस्त्यावर. म्हणजे 2040 च्या आसपासपर्यंत तो आपल्या हवेत आहे. नवी गाडी येण्याची वाट पाहत या पंधरा वर्षांचा धूर लोकांच्या फुप्फुसांवर सोपवता येणार नाही. शिवाय सांभाळलेल्या इंजिनाला डिझेलही कमी लागते. एक लिटर डिझेल वाचले की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड वाचतो, आणि डिझेल वाचवण्यासाठी कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

महोदय, यातल्या कोणत्याही गोष्टीसाठी नवा शोध लागण्याची गरज नाही. यंत्रे बाजारात आहेत, ती वापरणारे देश समोर आहेत, चाचणी करणारी संस्था पुण्यात आहे आणि शिकायला तयार असलेले हात प्रत्येक तालुक्याच्या गॅरेजमध्ये आहेत. त्यांना एकत्र आणण्याचा अधिकार आपल्याला आहे. येत्या अधिवेशनात एवढेच जाहीर करा की पहिल्या वर्षी एसटीच्या प्रत्येक बीएस-6 बसचे कण मोजले जातील, चार शहरांत पासिंगच्या वेळी व्यावसायिक डिझेल गाड्यांचे मोजले जातील, आणि निकाल जसेच्या तसे लोकांसमोर ठेवले जातील. आकडे वाईट आले तरी ते ठेवा. किती गाड्या बिघडल्या आहेत हे एकदा कळले, की त्या कशा दुरुस्त करायच्या हे सांगायला या राज्यातले अभियंते आणि मेकॅनिक आपल्यामागे उभे राहतील. माझी तयारी आहेच.

आपला नम्र,
पुण्यातील एक इंजिन अभियंता व शिक्षक